समोरच्या एंडला कोण होतं?

एक सोप्पा प्रश्न. ऑगस्ट 2002, लीड्सचं हेडिंग्ले मैदान, भारत विरुद्ध इंग्लंड, तिसरी टेस्ट. आपल्याकडून सेंच्युऱ्या कोणाकोणाच्या?

आमच्या ऑफिसात कॅन्टीनच्या रांगेत हा प्रश्न टाकला की उत्तर यायला तीन सेकंद पुरतात. तेंडुलकर 193, द्रविड 148, गांगुली 128. स्कोअर 8 बाद 628, डिक्लेअर. आपण एक डाव आणि 46 रन्सनी जिंकलो. 1986 नंतर इंग्लंडच्या भूमीवर जिंकलेली ती आपली पहिली टेस्ट. सगळं तोंडपाठ.

मग दुसरा प्रश्न. सेहवाग आठवर गेला तेव्हा स्कोअर होता 15. सचिन बॅटिंगला उतरला तेव्हा 185. मधले 170 रन्स द्रविडबरोबर कोणी काढले? समोरच्या एंडला कोण होतं?

इथे रांग गप्प. कुणी म्हणतं लक्ष्मण. कुणी म्हणतं जाफर. एकाने तर छातीठोकपणे आकाश चोप्रा सांगितलं. त्या बिचाऱ्याची पहिली टेस्टच 2003ची!

संजय बांगर. 236 बॉल्स, 68 रन्स. जन्म 11 ऑक्टोबर 1972, बीड.

हे शेवटचं गाव मी जरा जोरात म्हणते, हे उघड आहे. मी अंबाजोगाईची. पुण्यात 'बीड' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आता पाठ झालंय. दुष्काळ. ऊसतोड. आणि अलीकडच्या बातम्या पाहणारे असतील तर आणखी काय काय. त्यामुळे आम्हा बीडकरांच्या खिशात दोन-चार नावं कायम तयार असतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022च्या कॉमनवेल्थला सिल्व्हर, 2023च्या एशियन गेम्सला गोल्ड, 2024ला पॅरिस ऑलिंपिकची फायनल. पाटोद्याचा राहुल आवारे, 2018ला कॉमनवेल्थ गोल्ड, 2019ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. आणि बांगर. पहिली दोन नावं घेतली की लोक 'अरे वा' म्हणतात. तिसऱ्याला म्हणतात, 'अच्छा, तो हिंदी कॉमेंट्रीवाला?'

मी एचआरमध्ये आहे. लोकांचे बायोडाटा वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे या तिघांची नावं एका कागदावर लिहिली तेव्हा नजर गेली ती 'एम्प्लॉयर' या रकान्याकडे. साबळे लष्करात. आवारे पोलिसांत डीवायएसपी. बांगर रेल्वेत. आमच्याकडे खेळ हे करिअर नसतं, राव. आधी नोकरी, मग तिच्या आडोशाने खेळ. लग्नाच्या स्थळासाठी बायोडाटा दिला तर त्यात आधी 'सरकारी नोकरी' लिहितात, खेळाचं नंतर, आवडीनिवडीच्या ओळीत, वाचनाच्या शेजारी.

आणि यातली गंमत बघा. बीडचा माणूस रेल्वेकडून खेळला, आणि बीडला रेल्वेच नव्हती! जिल्ह्यात परळीला स्टेशन होतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी नाही. नगर-बीड-परळी रेल्वे हा आमच्या लहानपणीचा विनोद होता. इलेक्शन आलं की रेल्वे यायची, निकाल लागला की जायची. आमचे मामा म्हणायचे, 'मपल्या हयातीत गाडी दिसली तं बिनतिकीट बसन म्या, दंड भरीन हौसेनं.' ती गाडी अखेर 17 सप्टेंबर 2025ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडहून अहिल्यानगरला निघाली. तोवर रेल्वेचा बांगर क्रिकेटमधून रिटायर होऊन बारा वर्षं उलटली होती.

तर त्याचा बायोडाटा. ज्युनिअर क्रिकेट महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडून. पण त्या काळातल्या मुंबईत रणजीची जागा मिळणं म्हणजे विरारच्या लोकलमध्ये खिडकी मिळण्यासारखं. 1993-94ला मुंबईने रणजी जिंकली, पुढच्या मोसमात पुन्हा जिंकली. त्याच 1993-94च्या मोसमात बांगर पहिली रणजी मॅच खेळला, रेल्वेकडून.

रेल्वेची टीम हे अजब प्रकरण आहे. तिला राज्य नाही, भाषा नाही, गल्लीतला फॅन नाही. होम ग्राउंड म्हणजे दिल्लीतलं कर्नैल सिंग स्टेडियम, नवी दिल्ली स्टेशनच्या मागे, पहाडगंजात. खेळाडू कुठकुठचे. कर्नाटकातला येरे गौड, भोपाळचा जे. पी. यादव, डावखुरा स्पिनर मुरली कार्तिक. आपापल्या राज्यात रांगेत उभं राहून कंटाळलेले किंवा रांगेतच न घेतलेले. कॉर्पोरेट भाषेत सांगायचं तर 'लॅटरल हायरिंग'. ग्लॅमर शून्य. आणि या टीमने काय केलं? 2000-01ला रणजी फायनल गाठली, बडोद्याकडून हरली. पुढच्याच मोसमात फायनलला पुन्हा बडोदाच समोर आलं, आणि रेल्वेने इतिहासात पहिल्यांदा रणजी ट्रॉफी उचलली. बांगर त्या टीमचा कणा. बॅटिंगही करायची, मिडियम पेसही टाकायचा, बारा-पंधरा ओव्हर्सचा रतीब घालायचा.

पहिल्या रणजीपासून पहिल्या टेस्टपर्यंत किती वर्षं? आठ. 3 डिसेंबर 2001, मोहाली, इंग्लंडविरुद्ध. वय 29. माझ्याकडे अठ्ठावीस महिन्यांत प्रमोशन झालं नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे लोक येतात. मी टिश्यूचा बॉक्स पुढे करते. (मनात मात्र दरवेळी 'बांगर, बांगर' असा जप चालू असतो.)

मोहालीच्या त्या टेस्टमध्ये भारताकडून तिघांना कॅप मिळाली. केरळचा टिनू योहानन आणि मराठवाड्याचे दोन! एक बीडचा बांगर, दुसरा औरंगाबादेत जन्मलेला (हल्लीचं छत्रपती संभाजीनगर) इक्बाल सिद्दिकी. मराठवाड्यात ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी असं माझं प्रामाणिक मत आहे. बांगरने 36 केले. दुसऱ्या डावात जिंकायला पाचच रन्स हवे होते, तर गांगुलीने ओपनिंगला सिद्दिकीला पाठवलं. फास्ट बोलर, आयुष्यातली पहिली टेस्ट, आणि हा ओपनर! त्याने काम फत्ते केलं. ती त्याची पहिली आणि शेवटची टेस्ट ठरली.

बांगरची गाडी पुढे गेली. दुसऱ्याच टेस्टमध्ये, फेब्रुवारी 2002ला नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध, नाबाद 100. सातव्या नंबरवर. त्याच डावात शिवसुंदर दासचे 105, तेंडुलकरचे 176. लक्षात कोण राहिलं ते सांगायला नको.

आणि मग हेडिंग्ले.

त्या समरमध्ये आपण लॉर्ड्सची टेस्ट 170 रन्सनी हरलो होतो. ट्रेंट ब्रिजला ड्रॉ. दोन्ही टेस्टमध्ये सेहवागचा जोडीदार होता वसीम जाफर. तिसऱ्या टेस्टला त्याला बसवलं आणि बांगरला सांगितलं, तू ओपन कर. सातव्या नंबरच्या माणसाला! बरं, कुठे? हेडिंग्लेला, जिथे ढग आले की बॉल नागासारखा डोलतो. पिचवर गवत. आभाळ भरलेलं. गांगुलीने टॉस जिंकला आणि घेतली बॅटिंग, वर दोन स्पिनर टीममध्ये. त्या सकाळी जे घडलं नसतं तर या निर्णयाला आजही शिव्या बसल्या असत्या.

22 ऑगस्ट, राखीपौर्णिमा होती. मी तेव्हा सातवीत. अंबाजोगाईला मामा आईकडे राखीला आलेले. साडेतीनला मॅच सुरू आणि लोडशेडिंगचं टाइमटेबल त्याहून पक्कं, त्यामुळे अर्धा दिवस टीव्हीवर, अर्धा ट्रान्झिस्टरवर. सेहवाग गेला तेव्हा मामांनी उठून चप्पल घातली. 'आता काय बघायचंय? एक तं द्रविड, आन दुसरं मपल्या बीडचं पोरगं. दोघं मिळून झोपवतेत आपल्याला.' आई म्हणाली, 'दादा, बस की. बीडचं पोरगं हाय म्हणतोस आन उठून जातोस?' मामा बसले. उन्हं कलली, दोन वेळा चहा झाला, लाइट गेली, आली, आणि स्क्रीनवर तेच दोघे.

खरं सांगते, ते बघायला अजिबात मजा आली नव्हती. हॉगार्ड टाकतोय, कॅडिक टाकतोय, ट्यूडर, फ्लिंटॉफ. बांगर बॅट वर उचलून बॉल सोडतोय. सोडतोय. परत सोडतोय. मग एखादा मांडीला लागतोय. मग परत सोडतोय. सातवीतल्या मुलीला यात काय कळणार? आज त्या 236 बॉल्सचा अर्थ कळतो. टेस्टमध्ये नवा बॉल ही एक वस्तू असते आणि ती झिजवावी लागते. शिवण बसते, चकाकी जाते, बोलरचे पाय जड होतात. झिजवणाऱ्याच्या नावावर रन्स लागत नाहीत, फक्त वेळ लागतो. बांगर फ्लिंटॉफच्या बॉलवर कीपर स्ट्युअर्टकडे कॅच देऊन गेला तेव्हा जवळजवळ पाच तास उलटले होते. त्यानंतर सचिन आला, तो या झिजलेल्या बॉलवर, दमलेल्या बोलिंगवर. सचिन महान होता, तो कुठेही खेळलाच असता. पण 15 वर दोन बाद आणि 185 वर दोन बाद, यांत फरक आहे की नाही? शिवाय इंग्लंडच्या दुसऱ्या डावात याच माणसाने दोन विकेट्सही काढल्या. मॅन ऑफ द मॅच द्रविड, आणि ते योग्यच होतं. सिरीज 1-1 बरोबरीत सुटली.

शेजारच्या डेस्कवर एक फुटबॉलवेडा बसतो. क्रिकेटचं काही सांगितलं की तो फुटबॉलमध्ये भाषांतर करून घेतो. बांगरपुराण ऐकून म्हणाला, 'म्हणजे यान कोलर!' चेक प्रजासत्ताकाचा तो दोन मीटर दोन सेंटिमीटर उंचीचा स्ट्रायकर. युरो 2004, हॉलंडविरुद्ध चेक 0-2 मागे. एक गोल कोलरने मारला, दुसऱ्याच्या वेळी बॉल छातीवर घेऊन अलगद खाली मिलान बरोशच्या पुढ्यात ठेवला, बरोशने तो ठोकला. चेक 3-2 जिंकले. स्पर्धेत सर्वांत जास्त, पाच गोल बरोशचे. कोलर मात्र विसरला गेला नाही. 91 मॅचेसमध्ये 55 गोल हा त्याच्या देशाचा विक्रम आहे. तेव्हा तुलना अर्धीच बरोबर. छातीवर बॉल घेण्यापुरती.

कारण बांगरच्या बाबतीत पुढे फार काही घडलंच नाही. ऑक्टोबर 2002ला मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध सेहवागबरोबर 201ची ओपनिंग पार्टनरशिप झाली, त्यात सेहवाग 147, बांगर 55. मग डिसेंबरमध्ये न्यूझीलंड. वेलिंग्टन आणि हॅमिल्टन, हिरवीगार पिचेस. हॅमिल्टनला आपली अख्खी टीम 99 आणि 154ला आटोपली. बांगरचीही बॅट चारही डावांत गप्प राहिली. ती त्याची शेवटची टेस्ट. 2003च्या वर्ल्ड कपच्या पंधरा जणांत तो होता, पण फायनलपर्यंत गेलेल्या त्या टीममधून त्याला एकही मॅच खेळायला मिळाली नाही. 2004पर्यंत अधूनमधून वन-डे. एकूण 12 टेस्ट, 470 रन्स, 29.37ची सरासरी, 7 विकेट्स. 15 वन-डे.

इथे आमच्याकडे 'अन्याय झाला' म्हणायची पद्धत आहे. मराठवाड्यावर अन्याय हा तर आमचा पेटंट विषय. मला तसं वाटत नाही. 29ची सरासरी ही ओपनरची सरासरी नाही, आणि सिलेक्टर्सनी पुढे दुसरे ओपनर शोधले यात गैर काही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सातव्या नंबरवर सेंच्युरी मारणाऱ्या ऑलराउंडरला पहिल्या नंबरवर पाठवायचं, कारण तिथे जायला कुणी उरलं नाही, आणि मग त्याचं अप्रेझल ओपनर म्हणून करायचं! हे मी ऑफिसात दर एप्रिलमध्ये बघते. टेस्टिंगच्या मुलीला तीन महिने 'जरा' क्लायंट सांभाळ म्हणतात, आणि वर्षाच्या शेवटी रेटिंग मिळतं क्लायंट सांभाळण्यावर. त्या रेटिंगचा फॉर्म माझ्या टेबलावर येतो. सही करताना दरवेळी मी विचारते, हिचं मूळ काम कोणतं होतं?

डिसेंबर 2001 ते डिसेंबर 2002. त्याचं सगळं टेस्ट करिअर या एका वर्षात मावतं. आपण त्याला मोजतो ते या एका वर्षावरून. पण पहिली रणजी 1993ची आणि निवृत्ती जानेवारी 2013ची. म्हणजे शेवटच्या टेस्टनंतर हा माणूस आणखी दहा वर्षं खेळला. टीव्ही नाही, टाळ्या नाहीत. कर्नैल सिंगच्या पॅव्हेलियनमध्ये थंडीच्या धुक्यात सकाळी पॅड बांधून बसायचं. 2004-05ला रेल्वेने पंजाबला हरवून पुन्हा रणजी जिंकली, तो होताच. मधे आयपीएल आलं. 2008ला डेक्कन चार्जर्स, मग कोलकाता नाइट रायडर्स. तिथली रोषणाई बघून परत रेल्वेत. शेवटचा हिशेब: 165 फर्स्ट क्लास मॅचेस, 8349 रन्स, 13 सेंच्युऱ्या, बरोब्बर 300 विकेट्स.

तिशीत मला हा आकडा वेगळा दिसायला लागलाय. आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तिसाव्या वर्षाच्या आत होऊन गेला, हे माहीत असताना एकतिसाव्या वर्षी सोमवारी सकाळी उठून कामावर कसं जायचं? आमच्या बॅचमधले दोघं-तिघं या प्रश्नापाशी अडकलेत. एक जण कॉलेजात राज्यस्तरीय वक्ता होता, अजून त्याच भाषणात बोलतो. बांगर मात्र 300वी विकेट काढायला गेला.

खेळ सुटल्यावर जे सुरू झालं त्यात गाजावाजा जास्त. 2014ला पंजाबच्या आयपीएल टीमचा कोच, आणि टीम थेट फायनलला. त्याच ऑगस्टमध्ये भारताचा बॅटिंग कोच. इंग्लंडमधल्या टेस्ट सिरीजमध्ये कोहलीचे दहा डावांत 134 रन्स झाले होते, तेव्हाची ही नेमणूक. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियात कोहलीने चार टेस्टमध्ये 692 काढले. सगळं श्रेय कोचला देण्याइतकी मी भोळी नाही, पण नेट्सच्या मागे कोण उभं होतं ते बघावं माणसाने. 2016ला झिम्बाब्वे दौऱ्यावर आणि 2017ला कुंबळे गेल्यावर वेस्ट इंडिज दौऱ्यावर मुख्य कोचचं काम त्याच्याकडे आलं. दोन्ही वेळा तात्पुरतं. जाफर नाही तर बांगर, कुंबळे नाही तर बांगर!

2019च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनल हरलो, धोनीला सातव्या नंबरवर पाठवल्यावर गदारोळ झाला. वर्ल्ड कपनंतर बोलिंग आणि फील्डिंगचे कोच राहिले, बॅटिंगचा बदलला. पुढे बंगळुरूच्या आयपीएल टीमचा मुख्य कोच, 2022 आणि 2023. डिसेंबर 2023मध्ये पुन्हा पंजाबकडे, डेव्हलपमेंटचं काम.

आता बीडमधलं ताजं. 6 फेब्रुवारी 2024, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला अंडर-19 वर्ल्ड कपची सेमीफायनल. 245 करायचे होते आणि आपली पोरं 4 बाद 32. सहाव्या नंबरवर एक मुलगा आला आणि कॅप्टन उदय सहारनबरोबर 171ची पार्टनरशिप केली. स्वतः 96. आपण दोन विकेट्सनी जिंकलो. मुलगा बीडचा, सचिन धस. वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेलं.

मी मामांना फोन केला. म्हटलं, बघितलं का, बीडचं पोरगं! मामा म्हणाले, 'बघितलं की. शेवटपर्यंत बघितलं, उठलो नाही.' मग मी विचारलं, मामा, आपल्या बीडमध्ये बांगरवरून कुणी पोराचं नाव 'संजय' ठेवलं असेल का हो?

मामा जरा वेळ थांबले. म्हणाले, 'ठिवलं आसन एखाद्यानं. पर त्यो सांगत नसन.'